'ग्रॅज्युएट' आणि 'ग्रॅज्युएशन' इंग्रजीत नेमकं कसं वापरायचं

बाहेरच्या युनिव्हर्सिटीसाठी एसओपी, म्हणजे अर्जासोबत स्वतःबद्दल लिहून द्यायचं निवेदन, लिहायचा असो, लिंक्डइन प्रोफाईल नीट करायचं असो नाहीतर नव्या कंपनीत पहिल्या दिवशी उभं राहून स्वतःची ओळख करून द्यायची असो, आपल्याकडच्या मुलांची गाडी एका शब्दावर हमखास अडकते, आणि तो शब्द म्हणजे ग्रॅज्युएट. शब्द काही अवघड नाही. उलट तो इतका रोजचा झालाय की घरातली आजीसुद्धा नातू ग्रॅज्युएट झाला म्हणून पेढे वाटते, आणि अडचण तिथूनच सुरू होते, कारण मराठीत हा शब्द ज्या साच्यात बसलाय तोच साचा आपण उचलून इंग्रजी वाक्यात नेतो. मराठीत आपण म्हणतो ग्रॅज्युएट झालो, ग्रॅज्युएट आहे, ग्रॅज्युएशन केलं, ग्रॅज्युएशन चालू आहे. मग इंग्रजीत येतं 'आय बिकेम ग्रॅज्युएट', 'आय अ‍ॅम ग्रॅज्युएटेड', 'आय डिड माय ग्रॅज्युएशन', 'माय ग्रॅज्युएशन इज गोइंग ऑन'. पुण्यातल्या किंवा बंगळुरूच्या ऑफिसात कोणालाही याचा अर्थ कळतो, त्यात काम अडत नाही, त्यामुळे आपल्या माणसांत असं बोलणाऱ्याला कोणी हसू नये असं मला मनापासून वाटतं. पण समोर वाचणारा अमेरिकेतला किंवा इंग्लंडमधला असेल तर त्याच्या डोक्यात वेगळंच चित्र उभं राहतं आणि तुमची चांगली डिग्री त्या गोंधळात झाकली जाते. म्हणून हे एकदा नीट बघून घेऊ.

आधी मूळ गोष्ट. लॅटिनमध्ये ग्रॅडस म्हणजे पायरी. कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये ज्या काचेच्या नळकांड्यावर एमएलच्या खुणा असतात त्याला ग्रॅज्युएटेड सिलिंडर म्हणतात, तो ग्रॅज्युएटेड आणि हा ग्रॅज्युएट एकाच घरातले, पायऱ्या पाडलेला तो ग्रॅज्युएटेड आणि पायरी चढून गेला तो ग्रॅज्युएट. आता हे लक्षात ठेवायचं की पायरी चढणं ही एका वेळी होणारी गोष्ट आहे. तीन वर्षं बीकॉम केलं, ती तीन वर्षं म्हणजे ग्रॅज्युएशन नाही, ती तीन वर्षं संपून तुम्ही पलीकडे गेलात तो क्षण म्हणजे ग्रॅज्युएशन. आपल्याकडे आपण कोर्सलाच ग्रॅज्युएशन म्हणतो, बाहेर कोर्स संपण्याला ग्रॅज्युएशन म्हणतात. बाकीचे बहुतेक घोळ या एका फरकातून निघतात.

क्रियापद म्हणून

क्रियापद म्हणून वापरताना सगळ्यात सुरक्षित साचा हा: ग्रॅज्युएटेड, मग फ्रॉम, मग संस्थेचं नाव, मग इन आणि वर्ष. आपल्याच आनंदीबाई जोशींचं उदाहरण घ्या, त्या १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या. इंग्रजीत वाक्य होईल 'आनंदीबाई जोशी ग्रॅज्युएटेड फ्रॉम द वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया इन १८८६'. यात 'वॉज' नाही, 'बिकेम' नाही, 'डिड' नाही, क्रियापद स्वतःच सगळं काम करतं. डिग्री सांगायची असेल तर विथ लावायचं, 'ग्रॅज्युएटेड विथ अ बॅचलर्स डिग्री इन फिजिक्स'. क्लास सांगायचा तरी विथच, 'ग्रॅज्युएटेड विथ डिस्टिंक्शन'. ब्रिटिश लोक 'ग्रॅज्युएटेड इन लॉ' असं विषयाला थेट इन लावूनही म्हणतात, तेही बरोबर आहे, पण वाक्यात वर्षाचं इन पण असेल तर दोन इन एकापाठोपाठ येऊन ऐकायला विचित्र वाटतं, तेव्हा विथवालं वाक्य बरं.

'आय अ‍ॅम ग्रॅज्युएटेड' मात्र टाळायचं. मराठीतल्या 'आहे'मुळे ते तोंडात येतं हे खरं आहे, पण इंग्रजीत एकतर 'आय ग्रॅज्युएटेड इन २०२१' म्हणा, नाहीतर 'आय हॅव ग्रॅज्युएटेड' म्हणा, नाहीतर नाम वापरून 'आय अ‍ॅम अ ग्रॅज्युएट' म्हणा. हॅवचं वाक्य वापरलं तर त्यात वर्ष घालायचं नाही, 'आय हॅव ग्रॅज्युएटेड इन २०२१' हे व्याकरणात बसत नाही, वर्ष आलं की साधा भूतकाळ.

जुनी पुस्तकं किंवा चरित्रं वाचणाऱ्यांना इथे एक शंका येईल, की त्यात तर 'ही वॉज ग्रॅज्युएटेड फ्रॉम' असं सर्रास छापलेलं असतं. हो, असतं. पूर्वी समज असा होता की ग्रॅज्युएट करणारी युनिव्हर्सिटी, ती विद्यार्थ्याला पायरीवर चढवते, म्हणून विद्यार्थी 'केला जातो'. एकोणिसाव्या शतकात हीच रीत शिष्ट मानली जायची. आज ती जुनाट वाटते, चुकीची नाही, पण एसओपीत लिहू नका. त्याच जुन्या समजाची एक फांदी अजून जिवंत आहे बरं का, अमेरिकेत 'द कॉलेज ग्रॅज्युएटेड फाइव्ह हंड्रेड स्टुडंट्स' असं वाक्य आजही चालतं, म्हणजे कॉलेजने पाचशे मुलं बाहेर काढली.

आणि सध्या अमेरिकन सिरीयल बघून एक नवीन सवय आलीये, फ्रॉम गाळायची. 'आय ग्रॅज्युएटेड कॉलेज'. तिकडे बोलताना लाखो लोक असं बोलतात, त्यामुळे ऐकलं तर दचकू नका, पण लिहिताना फ्रॉम ठेवाच, कारण जपून लिहिणारे लोक अजूनही ते गाळणं ढिसाळ समजतात आणि तुमचा अर्ज वाचणारा त्यातलाच असू शकतो.

नाम म्हणून, आणि उच्चार

नाम असेल तर फ्रॉमऐवजी ऑफ. 'शी इज अ ग्रॅज्युएट ऑफ मुंबई युनिव्हर्सिटी'. ग्रॅज्युएटच्या आधीचा तो छोटासा 'अ' आपण सगळे खातो कारण मराठीत तशी वस्तूच नाही, पण इंग्रजी कानाला तो नसला की लगेच खटकतं.

उच्चाराचं मात्र जास्त लोकांना माहीत नसतं आणि मला वाटतं शाळेतच हे शिकवायला पाहिजे. लिहायला शब्द एकच, बोलायला दोन. क्रियापद असेल तर शेवट ठळक, ग्रॅज्यु-एऽट, एट असा स्पष्ट. नाम असेल किंवा विशेषण असेल तर शेवट दबका, ग्रॅज्युइट किंवा ग्रॅज्युअट असा, पटकन गिळलेला. म्हणजे 'आय विल ग्रॅज्यु-एऽट नेक्स्ट इयर' पण 'अ ग्रॅज्युइट स्टुडंट'. एस्टिमेट, सेपरेट, असोसिएट, डेलिगेट हे शब्दही असेच वागतात, काम सांगितलं की एट, वस्तू, माणूस किंवा गुण सांगितला की इट. एकदा कानाला हा फरक कळला की मग सगळीकडे ऐकू यायला लागतो.

आपल्याकडे या नामाला अगदी कायदेशीर वजनही आहे. विधान परिषदेत ७८ पैकी ७ जागा पदवीधर मतदारसंघाच्या असतात, इंग्रजीत ग्रॅज्युएट्स कॉन्स्टिट्युअन्सी, आणि तिथे मत द्यायला डिग्री मिळून किमान ३ वर्षं झालेली लागतात. तिथे ग्रॅज्युएट म्हणजे डिग्री हातात असलेला माणूस, मग तो बीए असो की पीएचडी. इंग्लंडमध्येही नाम साधारण याच अर्थाने चालतं, नोकरीच्या जाहिरातीत 'ग्रॅज्युएट जॉब', 'ग्रॅज्युएट स्कीम' असेल तर ती डिग्री झालेल्या फ्रेशरसाठी. आपल्या कंपन्यांतलं ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी, ज्याला सगळे जीईटी म्हणतात, तेही त्यातलंच.

अमेरिकेत गेलं की अर्थ का बदलतो

इथे जरा थांबून वाचा कारण सगळ्यात महाग पडणारा गोंधळ हाच आहे. अमेरिकेत ग्रॅज्युएट हा शब्द विद्यार्थ्याच्या किंवा कोर्सच्या आधी लागला, ग्रॅज्युएट स्टुडंट, ग्रॅज्युएट स्कूल, ग्रॅज्युएट कोर्स, की त्याचा अर्थ बॅचलर्सच्या नंतरचं शिक्षण, म्हणजे आपण ज्याला पोस्ट ग्रॅज्युएशन किंवा पीजी म्हणतो ते.

डॉ. आंबेडकरांचं उदाहरण घेतलं की हे कायमचं डोक्यात बसतं. बाबासाहेब एल्फिन्स्टन कॉलेजमधून मुंबई विद्यापीठाचे बीए झाले, मग बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची स्कॉलरशिप घेऊन १९१३ मध्ये न्यूयॉर्कला कोलंबिया युनिव्हर्सिटीत गेले आणि १९१५ मध्ये तिथून एमए झाले. मुंबईच्या भाषेत कोलंबियात पाऊल ठेवताना ते आधीच ग्रॅज्युएट होते आणि तिथे पोस्ट ग्रॅज्युएशनला होते. कोलंबियाच्या भाषेत ते तिथे ग्रॅज्युएट स्टुडंट होते. माणूस एक, वर्ष एक, डिग्री तीच, आणि मुंबईत तो शब्द मागच्या डिग्रीला लागला तर न्यूयॉर्कमध्ये पुढच्या. आता विचार करा, एखादी बीएस्सीची मुलगी अमेरिकेतल्या प्रोफेसरला मेल लिहिते की 'आय अ‍ॅम अ ग्रॅज्युएट स्टुडंट फ्रॉम नाशिक', तर तो समजणार ही मास्टर्स किंवा पीएचडी करतेय, आणि पुढे सीव्हीत बीएस्सी दुसरं वर्ष दिसलं की त्याला वाटणार काहीतरी फुगवून सांगितलंय. मुलीने काहीच खोटं सांगितलेलं नाही, पण शब्दाने घात केला. तिने लिहायला पाहिजे 'आय अ‍ॅम अ सेकंड-इयर अंडरग्रॅज्युएट'.

जीआरई आणि जीमॅटमधला जी हा ग्रॅज्युएटचाच, ग्रॅज्युएट रेकॉर्ड एक्झामिनेशन आणि ग्रॅज्युएट मॅनेजमेंट अ‍ॅडमिशन टेस्ट, दोन्ही परीक्षा मास्टर्स आणि पुढच्या अ‍ॅडमिशनसाठी. क्लास लावून वर्षभर जीआरई जीआरई करणाऱ्या मुलांनी तो एक जी आठवला तरी अमेरिकन अर्थ विसरला जाणार नाही.

इंग्लंडमध्ये मात्र आपल्यासारखंच पोस्टग्रॅज्युएट म्हणतात, आपण तो शब्द तिथूनच घेतलाय. फक्त ते 'पोस्टग्रॅज्युएट डिग्री', 'पोस्टग्रॅज्युएट स्टुडंट' म्हणतात, 'आय डिड माय पोस्ट ग्रॅज्युएशन' हे आपलं. डॉक्टर मंडळींसाठी वेगळी नोंद, अमेरिकेत रेसिडेन्सीच्या पहिल्या वर्षाला पीजीवाय-१ म्हणतात, पोस्टग्रॅज्युएट इयर वन, म्हणजे मेडिकलमध्ये तिथेही तो शब्द आहे पण तो मेडिकल डिग्रीनंतरच्या ट्रेनिंगच्या वर्षाला लागतो.

अंडरग्रॅज्युएट हा शब्द तिन्ही देशांत जवळपास सारखा आहे, बॅचलर्स करत असलेला विद्यार्थी. आपल्याकडे काही लोक त्याचा अर्थ 'ग्रॅज्युएट नसलेला', म्हणजे बारावीवर शिक्षण सोडलेला, असा घेतात, तो अर्थ बाहेर कोणाला कळणार नाही.

अजून एक, शाळा. अमेरिकेत हायस्कूलमधूनही ग्रॅज्युएट होतात, हायस्कूल ग्रॅज्युएट म्हणजे बारावी झालेला, इतकंच काय बालवाडीच्या मुलांनाही टोपी घालून ग्रॅज्युएशन करतात. इंग्लंडमध्ये शाळेसाठी हा शब्द रूढ नाही, तिथे शाळा 'सोडतात', स्कूल लीव्हर म्हणतात. आणि महाराष्ट्रात अकरावी-बारावीला आपण ज्युनिअर कॉलेज म्हणतो, तेव्हा सतरा वर्षांचा मुलगा अमेरिकन माणसाला 'आय अ‍ॅम इन कॉलेज' म्हणाला की तो त्याला डिग्रीच्या वर्गात बसवतो. बारावीत असाल तर 'ट्वेल्फ्थ ग्रेड' म्हणा, विषय संपला.

समारंभाचं

ग्रॅज्युएशन हे नाम चुकीचं आहे असं अजिबात नाही. 'आफ्टर ग्रॅज्युएशन आय जॉइन्ड अ बँक' हे अगदी शुद्ध, सगळ्या देशांत चालणारं वाक्य आहे, कारण तिथे ग्रॅज्युएशन म्हणजे डिग्री पूर्ण होण्याची घटना. 'माय पेरेंट्स केम फॉर माय ग्रॅज्युएशन' हेही बरोबर, तिथे समारंभ. अडचण फक्त 'डिड', 'पर्स्यूइंग' आणि 'कम्प्लीटेड' हे मागे लागले की होते. आपण ज्याला पदवीदान किंवा कॉन्व्होकेशन म्हणतो त्या समारंभाला अमेरिकेतल्या कॉलेजांत कमेन्समेंट म्हणतात, स्टीव्ह जॉब्सने २००५ मध्ये स्टॅनफर्डला जे गाजलेलं भाषण दिलं ते कमेन्समेंटचंच. कमेन्समेंटचा शब्दशः अर्थ सुरुवात, त्यामुळे ईमेलमध्ये हा शब्द दिसला तर टर्म सुरू होण्याची तारीख समजून तिकीट काढू नका, आधी नीट वाचा.

पास आऊटचं काय करायचं

'आय पास्ड आऊट इन २०२१'. बाहेरच्या कानाला याचा पहिला अर्थ लागतो चक्कर येऊन पडलो, बेशुद्ध झालो. काही जण म्हणतात हा आपला शोध आहे, पण ते पूर्ण खरं नाही, ब्रिटिश लष्करात ट्रेनिंग पूर्ण करून बाहेर पडण्याला पासिंग आऊट म्हणतात आणि खडकवासल्याच्या एनडीएत आजही कॅडेट्सची पासिंग आऊट परेड होते, ते शंभर टक्के बरोबर आहे. आपण तो लष्करी शब्द साध्या कॉलेजला लावला इतकंच. भारतात बोलताना खुशाल बोला, बाहेरच्यांसाठी लिहिताना ग्रॅज्युएटेड लिहा. '२०२१ पासआऊट' हे नाम तर बाहेर कळतच नाही, त्याऐवजी अमेरिकेत 'क्लास ऑफ २०२१' म्हणतात, वर्ष बाहेर पडण्याचं. 'बॅच ऑफ २०२१' लिहिलं तर ते आत शिरल्याचं वर्ष की बाहेर पडल्याचं हे आपल्यातच दहा कॉलेजांत दहा तऱ्हा आहेत, तेव्हा दोन्ही वर्षं लिहून टाका, २०१८ ते २०२१.

एक वाक्य दुरुस्त करून बघू

एसओपीच्या ड्राफ्टमध्ये सहसा असं वाक्य असतं: 'आय हॅव डन माय ग्रॅज्युएशन इन कॉमर्स फ्रॉम पुणे युनिव्हर्सिटी अँड पास्ड आऊट इन द इयर २०२१ विथ फर्स्ट क्लास अँड करंटली पर्स्यूइंग माय पोस्ट ग्रॅज्युएशन.' आता यात हात घालू. 'डन माय ग्रॅज्युएशन इन कॉमर्स' जाऊन डिग्रीचं खरं नाव येऊ दे, बॅचलर ऑफ कॉमर्स, कारण परदेशी वाचणाऱ्याला तेच हवंय. 'पास्ड आऊट' आणि 'डन' दोन्ही एकच गोष्ट सांगतायत, त्यामुळे एक ग्रॅज्युएटेड पुरे. 'इन द इयर २०२१' मधलं 'द इयर' उगाच आहे. पर्स्यूइंगमध्ये चूक काही नाही पण बायोडेटाच्या भाषेची धूळ बसलीये त्याच्यावर, 'स्टडीइंग फॉर' साधं आणि स्वच्छ. राहिलं पोस्ट ग्रॅज्युएशन, तिथेही डिग्रीचंच नाव. झालं वाक्य: 'आय ग्रॅज्युएटेड फ्रॉम पुणे युनिव्हर्सिटी इन २०२१ विथ अ बॅचलर ऑफ कॉमर्स, फर्स्ट क्लास, अँड आय अ‍ॅम नाऊ स्टडीइंग फॉर अ मास्टर ऑफ कॉमर्स.' यात अमेरिकन, ब्रिटिश, भारतीय कोणालाच थांबावं लागत नाही. माझं ठाम मत हेच आहे की जिथे शंका येईल तिथे ग्रॅज्युएट शब्दाशी झटापट न करता सरळ डिग्रीचं पूर्ण नाव लिहावं, नाव कधी दगा देत नाही.

पुणे युनिव्हर्सिटी म्हणताना हेही बघा की सर्टिफिकेटवर काय छापलंय. २०१४ पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ हे नाव आहे, मग त्यानंतरची डिग्री असेल तर फॉर्ममध्ये पूर्ण नाव टाका. बोलताना आपण कॉलेजचं नाव घेतो, ते चालतं, पण फॉर्मवर 'अवॉर्डिंग इन्स्टिट्यूशन' असा रकाना असेल तर डिग्री ज्या संस्थेच्या नावाने दिलीये ती लिहायची, संलग्न कॉलेज असेल तर ती युनिव्हर्सिटी असते.

ज्यांचं अजून चालू आहे त्यांनी टीवायबीकॉम, एसवायबीएस्सी हे बाहेर लिहू नये, महाराष्ट्राबाहेरच्या बऱ्याच लोकांना एफवाय, एसवाय, टीवाय कळत नाही, परदेशात तर नाहीच. 'थर्ड-इयर अंडरग्रॅज्युएट' किंवा 'फायनल-इयर स्टुडंट' लिहा. रेझ्युमेवर 'एक्स्पेक्टेड ग्रॅज्युएशन: मे २०२७' अशी ओळ टाकायची अमेरिकन पद्धत आहे, ती चांगली आहे कारण एका नजरेत कळतं तुम्ही कधी मोकळे होणार. 'अपिअरिंग' हा आपला शब्द तिथे वापरू नका.

तारखेचा प्रश्नही खूप जण विचारतात, ग्रॅज्युएट कधी झालो, शेवटचा पेपर दिला तेव्हा, निकाल लागला तेव्हा की कॉन्व्होकेशनला? रेझ्युमेवर अंतिम निकालाचा महिना-वर्ष टाकायला हरकत नाही, मार्कशीटवर तेच असतं. पण ऑनलाईन फॉर्ममध्ये 'डेट डिग्री कन्फर्ड' असा रकाना असेल तर डिग्री सर्टिफिकेटवर छापलेली तारीख टाकायची, ती कधीकधी निकालानंतर कित्येक महिन्यांची असते, आणि दोन ठिकाणी दोन तारखा दिसल्या तर पडताळणीत प्रश्न येतो. केटी, म्हणजे एखादा विषय सुटायचा राहिला असेल तर ती सुटेपर्यंत ग्रॅज्युएटेड लिहायचंच नाही, एक्स्पेक्टेड लिहा.

शेवटचं बारीक काम अपॉस्ट्रॉफीचं. बॅचलर्स डिग्री आणि मास्टर्स डिग्री लिहिताना एसच्या आधी अपॉस्ट्रॉफी येते. पण पूर्ण नाव लिहिलं, बॅचलर ऑफ आर्ट्स, मास्टर ऑफ सायन्स, की बॅचलरला आणि मास्टरला ना एस लागतो ना अपॉस्ट्रॉफी. 'मास्टर्स ऑफ सायन्स' हे लिंक्डइनवर ढिगाने दिसतं, तुमच्या प्रोफाईलवर असेल तर तो एस आजच काढून टाका.